कड्यासाठी शहर निवडताना

एका वर्षी मी केवळ क्लाइंबिंगच्या कड्यासाठी शहर निवडलं, आणि नेमकी त्याच वर्षी सगळ्यांत कमी चढले. कडा नावाजलेला होता. शंभर मीटरची उभी भिंत, दीडशेच्या वर रूट, म्हणजे चढायच्या ठरलेल्या वाटा. पण घरापासून एका बाजूचा प्रवास अडीच तासांचा. शुक्रवारी रात्री सामान भरायचं, शनिवारी पहाटे निघायचं आणि अर्ध्या वाटेत ढग दाटले की मुकाट्याने मागे फिरायचं. वहीत हिशेब केला तेव्हा वर्षभरात अकरा दिवस निघाले.

त्यानंतर जिथे राहायला गेले तिथे जवळ एक सोडून दिलेली दगडखाण होती. बारा मीटर उंच, कळकट, एका कोपऱ्यात कायमची ओल. तिचा फोटो कुणी घरात लावणार नाही. पण काम सुटल्यावर वीस मिनिटांत पायथा. हातांनी ओढत बसण्याऐवजी पायांवर भरवसा ठेवायला मी त्या खाणीत शिकले.

दोन-तीन शहरांतून एक निवडायचं आहे आणि क्लाइंबिंग सुटू द्यायचं नाही, अशांसाठी हे टिपण आहे. नुकतेच दोर धरायला लागलेले वाचक डोळ्यांसमोर आहेत. जुन्याजाणत्यांनी सुरुवात ओलांडून पुढे जावं.

पायरी १: तुम्हाला नक्की काय चढायचंय?

क्लाइंबिंग या एका शब्दात चार-पाच वेगळे खेळ आहेत. बोल्डरिंगला दोर लागत नाही. तीन-चार मीटरचा दगड आणि खाली क्रॅश पॅड, म्हणजे पडण्यासाठी जाड गादी. स्पोर्टमध्ये भिंतीत बोल्ट आधीच मारलेले असतात, त्यांत क्विकड्रॉ, म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेले छोटे पट्टे, अडकवत दोर वर न्यायचा. ट्रॅडमध्ये बोल्ट नसतात. भेगांत नट आणि कॅम ही अडकून बसणारी धातूची साधनं आपणच बसवायची आणि मागून येणाऱ्याने ते काढत यायचं. भिंत एका दोरात संपत नसेल तर टप्पे पाडून चढायची, ती मल्टिपिच. आणि टॉप रोपमध्ये दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे तो अडकवायच्या पक्क्या जागेतून, आधीच खाली आलेला असतो, त्यामुळे हात सुटला तर जागच्या जागी लोंबकळता.

हे आधी ठरवायला हवं, कारण 'क्लाइंबिंगसाठी उत्तम' म्हणून गाजलेलं शहर तुमच्या खेळासाठी कोरडं निघू शकतं. पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर फाँटेनब्लोचं जंगल आहे. तिथे वालुकाश्माचे दगड इतके पसरलेत की जन्म पुरणार नाही. दगडांवर रंगीत बाण आणि आकडे रंगवून सोप्या-अवघड फेऱ्या आखून दिल्या आहेत, नवख्यानेही बाण बघत दिवसभर चढावं. पण ज्याला दोनशे मीटरची भिंत हवी त्याला तिथे काही मिळणार नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डजवळची स्टॅनेज एज ही कड्यांची रांग साडेपाच-सहा किलोमीटर लांब आहे, रूट शेकड्यांनी. मात्र तिथल्या ग्रिटस्टोन नावाच्या खरखरीत वालुकाश्मावर बोल्ट मारायचे नाहीत हा तिथला पक्का संकेत. कंबरेला नुसते क्विकड्रॉ लावून गेलात तर खाली उभं राहून बघत बसाल.

लीड, म्हणजे दोर खालून आपल्याबरोबर वर नेत चढणं, अजून शिकला नसाल तर एकच गोष्ट शोधा: वरच्या कडेपर्यंत पायवाटेने जाता येतं आणि वर भक्कम अँकर आहे, अशी एखादी छोटी भिंत.

पायरी २: नकाशावर तीन वर्तुळं

वर्तुळं किलोमीटरची नाही, वेळेची काढा. घराच्या दारापासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत. गाडी लावल्यानंतरची चालही त्यातच धरा. चाळीस मिनिटांचा प्रवास आणि पन्नास मिनिटांची चढण म्हणजे दीड तास, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

पहिलं वर्तुळ संध्याकाळचं, पाऊण तासाच्या आतलं. दुसरं एका दिवसाचं, दोन तासांपर्यंत. तिसरं जोडून आलेल्या सुट्टीचं, चार-पाच तासांचं. बहुतेक जण तिसऱ्या वर्तुळावर भाळून शहर निवडतात, कारण फोटो तिथलेच असतात. माझं मत उलटं आहे. पहिल्या वर्तुळात एक बरा कडा असेल तर तिसऱ्यातल्या पाच भव्य कड्यांपेक्षा तो जास्त दिवस तुमच्या हाताखाली येईल. कड्याच्या उंचीवरून त्याची किंमत करू नका. जगातला पहिला ९ए (अवघडपणाची एक फार वरची श्रेणी) मानला जाणारा 'अॅक्शन डिरेक्ट' हा रूट वोल्फगांग ग्युलिखने १९९१ मध्ये चढला, तो न्यूरेंबर्गजवळच्या फ्रँकेनयुराच्या जंगलात दडलेल्या जेमतेम पंधरा मीटरच्या ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीवर.

मोठ्या शहरात पहिलं वर्तुळ तुम्ही कोणत्या भागात घर घेता त्यावर ठरतं. कडा पश्चिमेला आणि घर पूर्वेला असेल तर संध्याकाळी सगळं शहर ओलांडावं लागेल. त्यामुळे नकाशावर वेळ बघताना रविवारची सकाळ बघू नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला बघा. गाडी नसेल तर बस किंवा रेल्वेने पोहोचता येतं का, आणि परतीची शेवटची फेरी अंधार पडण्याआधीची आहे का, हेही तेव्हाच.

पायरी ३: आकड्यांना चाळणी

माउंटन प्रोजेक्ट, द क्रॅग, २७ क्रॅग्ज अशा रूटच्या नोंदवह्या मोबाइलवर मिळतात. शहराच्या आसपास 'सहाशे रूट' असा आकडा दिसतो आणि माणूस हरखतो. तो आकडा चाळून घ्या. समजा, सहाशेपैकी साडेतीनशे तुमच्या ताकदीच्या वरचे. उरलेल्या अडीचशेत शंभर ट्रॅड, आणि तुमच्याकडे कॅम नाहीत. राहिलेल्या दीडशेपैकी निम्मे सहा महिने ओले किंवा बंद. म्हणजे सुमारे पंचाहत्तर. वाईट नाही, पण सहाशेही नव्हेत.

रूट किती छान याच्या चांदण्या दिलेल्या असतात, त्यांपेक्षा त्या रूटवर कुणी शेवटचं कधी चढलं त्याची तारीख बघा. चार चांदण्या असलेल्या रूटवर तीन वर्षांत एकही नोंद नसेल तर काहीतरी झालंय: वाट बंद, बोल्ट गेलेले, नाहीतर झुडपांनी भिंत गिळलेली. छापील गाइडबुक मिळालं तर जरूर घ्या. त्यातली सुरुवातीची कंटाळवाणी वाटणारी पानं, गाडी कुठे लावायची, कुठलं फाटक बंद ठेवायचं, हीच सगळ्यांत कामाची.

पायरी ४: दगड ओळखा

हा भाग घाईने वाचू नका. पुढची काही वर्षं तुमची बोटं कशावर घासली जाणार ते इथे ठरतं.

ग्रॅनाइट खरखरीत आणि मजबूत. पकडी कमी, भेगा जास्त. हाताचा पंजा भेगेत घालून आवळायचा आणि पाऊल तिरकं करून अडकवायचं, हे तंत्र यावंच लागतं. सपाट उतरत्या स्लॅबवर तर पकड नसतेच, नुसता बुटाच्या रबरावर विश्वास. व्हँकूव्हरहून तासाभरावरचं स्क्वॉमिश किंवा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीतला सुमारे ९०० मीटरचा एल कॅपिटान या जातीचे. हंपीचे गोल धोंडेही ग्रॅनाइटचेच. दुपारी तिथे हाताची कातडी सोलून निघते. जिममध्ये रंगीत पकडी ओढून तयार झालेला माणूस ग्रॅनाइटवर पहिल्या दिवशी हमखास चिडतो.

चुनखडीचा स्वभाव वेगळा. खळगे, लोंबते सुळके, एका बोटाची भोकं, मोठे ओव्हरहँग. ग्रीसच्या कॅलिम्नोस बेटावर जग लोटतं ते यासाठी. उणीव अशी की लोकप्रिय रूटवर पकडी हजारो बोटांनी घासून काचेसारख्या गुळगुळीत होतात, आणि पाऊस थांबल्यानंतरही आत मुरलेलं पाणी कित्येक दिवस झिरपत राहतं. ऊन पडलंय म्हणून जावं, तर नेमकी हवी ती पकड गळत असते.

बेसाल्टवर बहुधा उभ्या भेगा आणि स्तंभ मिळतात. चांगला असेल तर लोखंडासारखा, आणि थरांमध्ये ठिसूळ पट्टा आला तर दगड हातात येतो.

वालुकाश्म हाताला सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत नाजूक. वाळूचे कण ज्याने चिकटलेले असतात ते बंधन पाण्याने सैल पडतं, आणि ओला दगड वरून कोरडा दिसला तरी आतून कमकुवत असतो. पकड तुटली तर तुम्ही पडता, आणि तो रूटही कायमचा बदलतो. लास व्हेगासजवळच्या रेड रॉकमध्ये पावसानंतर निदान २४ ते ७२ तास थांबा असं सांगतात. तिथे शिकावी अशी एक साधी युक्ती आहे. भिंतीच्या पायथ्याशी बसा, वरची सुकी वाळू दोन बोटांनी बाजूला सारा आणि इंच-दोन इंच खाली उकरा. खालची माती गडद, गार आणि मुठीत धरली तर गोळा होणारी असेल, तर दोर पिशवीतून काढूच नका. बदामीच्या तांबड्या भिंतींनाही हाच न्याय.

तर शहर तोलताना 'दगड कोणता' या प्रश्नाला 'पावसानंतर किती दिवसांनी' हा प्रश्न जोडून घ्या. ग्रॅनाइटची उघडी भिंत वारा असेल तर काही तासांत सुकते. वालुकाश्माच्या गावात शुक्रवारी पाऊस पडला की शनिवार-रविवार गेले.

पायरी ५: पाऊस, ऊन, वारा

पर्जन्यमानाचा वार्षिक आकडा फसवा असतो. शंभर मिलिमीटर तीन वादळी संध्याकाळींत पडले तर बाकीचा महिना तुमचा. तेच वीस दिवस भुरभुरत पडले तर घरी बसा. महिन्यागणिक पावसाचे दिवस किती, ते शोधा.

नंतर भिंतीचं तोंड कुठे आहे ते पाहा. उत्तर गोलार्धात दक्षिणमुखी भिंत थंडीत दिवसभर उबदार आणि उन्हाळ्यात तवा. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. पूर्वमुखी भिंतीवर दुपारनंतर सावली येते, म्हणून उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ती सोन्यासारखी. पश्चिममुखी भिंत थंडीत संध्याकाळी कामाला येते. एकाच दिशेला तोंड केलेले दहा कडे असण्यापेक्षा वेगवेगळ्या दिशांचे चार बरे. उंचीही मोजा: हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे डोंगरातला एक कडा तुमचा उन्हाळा वाचवू शकतो.

घामेजलेली बोटं निसटतात आणि गरम रबर पकडत नाही, त्यामुळे अवघड रूट थंड, कोरड्या हवेत होतात. शेफील्डवाले ग्रिटस्टोनसाठी बोचऱ्या थंडीची वाट बघतात ती यासाठी. पण डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, आणि संध्याकाळचं वर्तुळ काही महिने नकाशावरून पुसलं जातं. विषुववृत्तापासून दूरच्या शहरात जाणार असाल तर हा अंधार हिशेबात धराच.

पायरी ६: ग्रेडवर पहिल्या दिवशी विश्वास ठेवू नका

अमेरिकेत ५.१०ए, फ्रान्समध्ये ६ए, जर्मनीकडे सहा अधिक. ढोबळमानाने अवघडपणा तोच. बोल्डरिंगचे मोजमाप वेगळे: फाँटेनब्लो आणि व्ही या दोन पट्ट्या. घोटाळा असा की फाँटेनब्लोतही ६ए आहे आणि तो रूटच्या ६एपेक्षा कितीतरी अवघड. रोमन लिपीत फरक फक्त छोट्या-मोठ्या अक्षराचा असतो. आपल्याकडे तर तेवढीही सोय नाही. 'मी ६ए चढते' असं कुणी म्हटलं की 'दोराने की दोराविना?' एवढं विचारून घ्या.

शिवाय ग्रेडला वय असतं. अमेरिकेची दशांश पद्धत १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टाकीट्स कड्यावर रुळली तेव्हा ५.९ हे तिचं टोक होतं. मग त्या काळातल्या सगळ्याच भयंकर रूटना ५.९ मिळाला. पुढे पट्टी ५.१०, ५.११ अशी वाढत गेली, पण जुने आकडे बऱ्याच ठिकाणी तसेच राहिले. म्हणून न्यूयॉर्कच्या उत्तरेचं शावानगंक्स किंवा तसा कुठलाही जुना कडा असेल तर तिथला 'सोपा' रूट तुमचा घाम काढेल. नव्या शहरात पहिल्या दिवशी नेहमीच्या ग्रेडच्या दोन पायऱ्या खाली सुरू करा. अहंकार दुखावेल, घोटा शाबूत राहील.

पायरी ७: तिथे चढायला परवानगी आहे का?

कडा आहे म्हणजे तो चढण्यासाठी आहे असं नाही. जमीन कुणाची, वनखात्याची की शेतकऱ्याची, परवाना लागतो का, ते शोधा. पक्ष्यांची वीण हे बंदीचं नेहमीचं कारण. कोलोरॅडोत बोल्डर शहराजवळच्या फ्लॅटआयर्न्सचे काही भाग शिकारी पक्ष्यांसाठी साधारण १ फेब्रुवारी ते ३१ जुलै बंद असतात. सहा महिने, तेही ऐन वसंतात. कुठे श्रद्धेचा मान राखायचा असतो: वायोमिंगमधल्या डेव्हिल्स टॉवरवर जून महिन्यात चढू नये अशी विनंती १९९५ पासून आहे, कारण तो सुळका तिथल्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे. आणि कुठे दगडाचाच कायदा कडक. ड्रेस्डेनजवळच्या एल्बे खोऱ्यातल्या वालुकाश्मावर चॉक, म्हणजे हाताला लावायची पांढरी पूड, चालत नाही, धातूचे नट-कॅम चालत नाहीत, दोराच्या गाठी भेगेत खोचून संरक्षण घ्यायचं, आणि ओल्या दगडाला हात लावायचा नाही. तिथे राहायला जाणाऱ्याला सगळं नव्याने शिकावं लागेल.

ब्रिटनमध्ये १९४४ पासूनची ब्रिटिश माउंटेनीअरिंग कौन्सिल आणि अमेरिकेत १९९१ पासूनचा अॅक्सेस फंड अशा बंद्या आणि वाटाघाटींची माहिती ठेवतात. तुमच्या भावी शहरात अशी संस्था किंवा क्लब आहे का, ते पाहा. नसेल तर तो कडा एखाद्या भांडणानंतर रातोरात बंद होऊ शकतो.

समुद्रकाठच्या कड्यांबद्दल एक जादा सूचना. थायलंडमधल्या राइले-टोनसाईच्या चुनखडीवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वरून ठीक दिसत असतानाही आतून तडकून तुटल्याचा अनुभव आहे. म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट बसवत गेले. किनाऱ्यालगत राहणार असाल तर बोल्ट कशाचे आणि कधी बदलले हे विचारल्याशिवाय पाय वर ठेवू नका.

पायरी ८: दोराचं दुसरं टोक

दगड मिळाला तरी बिले द्यायला, म्हणजे खालून दोर सांभाळायला, माणूस लागतो. तो बहुधा जिममध्ये भेटतो, म्हणून शहरातली इनडोअर भिंत हा कड्याचा पर्याय नव्हे तर कड्याकडे जाणारा रस्ता समजा. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून त्याच वेळी जा. चार खेपांनंतर चेहरे ओळखीचे होतात.

मात्र ओळख झाली म्हणून लगेच जीव सोपवू नका. नव्या जोडीदाराबरोबर पहिले दोन-तीन वेळा जिममध्येच चढा आणि एकच बघा: दोर ओढताना त्याचा ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात कधी सुटतो का? गप्पांच्या भरात एकदा जरी सुटला तर स्पष्ट सांगा. सांगितल्यावर तो हसण्यावारी नेत असेल तर दुसरा जोडीदार शोधा. मी एकदा संकोचाने गप्प राहिले आणि चार मीटर जास्त पडले. काही मोडलं नाही, पण संकोच तेव्हापासून मोडला.

पायरी ९: दोन दिवस राहून या

कागदावर शहर पसंत पडलं की भाड्याचा करार करण्याआधी दोन दिवसांसाठी जा. शक्यतो त्यातला एक दिवस कामाचा असू द्या.

पायथ्याला पोहोचलात की लगेच हार्नेस चढवू नका. दहा मिनिटं भिंतीखालून चाला. जमिनीवर ताज्या तुटीच्या, फिकट रंगाच्या दगडांचा खच पडलाय का? मोठ्या पकडीवर बोटांच्या पेरांनी ठोका: भरीव दगड बंद दारासारखा 'टक' वाजतो, सुटत आलेला पापुद्रा रिकाम्या डब्यासारखा घुमतो. पहिल्या बोल्टची पट्टी बोटाने हलवून बघा. गोल फिरत असेल किंवा तिच्याखाली गंजाचा ओघळ असेल तर तो रूट सोडून द्या. आणि पहिला बोल्ट किती उंचीवर आहे? काही कड्यांवर तो पाच-सहा मीटरवर असतो आणि तोवर पडलात तर थेट जमीन. अशा जागी नवख्याला रोज मजा येणार नाही.

शेजारच्या दोरावर कुणी असेल तर त्यांना दोराची लांबी विचारा. ७० मीटरच्या दोराने जास्तीत जास्त ३५ मीटरच्या रूटवरून खाली सोडता येतं. रूट त्याहून लांब असेल तर दोराचं टोक बिले देणाऱ्याच्या हातातून निसटून जातं आणि चढणारा खाली येतो. टोकाला गाठ मारली असेल तर हा प्रकार होत नाही. त्यांच्या दोराच्या टोकाला गाठ आहे का, हे जाता जाता बघून घ्या. आठातल्या सहा जणांनी मारली असेल तर त्या गावात शिकवणारं कुणीतरी धड आहे.

मग तीन सोपे रूट चढा. आणि कामाच्या दिवशीची ती संध्याकाळ असेल तर दोर गुंडाळल्यावर घड्याळ लावा आणि ज्या गल्लीत घर बघितलंय तिथपर्यंत जा. मी दुसऱ्या खेपेला तसंच केलं होतं. खाणीपासून जिन्यापर्यंत बावीस मिनिटं लागली, त्यातली चार एका सिग्नलवर.